डोंगर राखीव झाला, पुढे काय?

नाशिक जिल्ह्यात जंगल किती, या प्रश्नाला सरकारी उत्तर तयार असतं. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी उपग्रहांच्या मदतीने देशाचं वनाच्छादन मोजतं. साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर पसरलेल्या या जिल्ह्याच्या नावावर त्यात सुमारे सात टक्के जमा होतात. ही मोजणी झाडांच्या सावलीची असते. किमान एक हेक्टर जागेवर दहा टक्के किंवा त्याहून जास्त सावली दिसली, की ती जागा वनाच्या हिशेबात जाते. तिथे ऐन-धावड्याचं जुनं रान आहे, रांगेत लावलेली निलगिरी आहे की आमराई आहे, हे या आकड्यावरून कळत नाही.

या हिशेबात अंजनेरीचं पठार जवळपास कोरंच राहतं. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना डाव्या हाताला दिसणारा हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. माथ्यावर काळा कातळ, त्यावर वीतभर माती आणि उन्हाळ्यात करपलेलं गवत. पण जिल्ह्यातल्या सर्वांत दुर्मीळ वनस्पतींपैकी काही याच कातळावर वाढतात. त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये अंजनेरीचा सुमारे पावणेसहा चौरस किलोमीटरचा भाग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला.

अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, संवर्धन राखीव अशी पाटी लागली की तिथली झाडंझुडपं, गवत, वेली खरोखर वाचतात का? प्रश्न जगभर विचारला जातो. नाशिकमध्ये त्याचा माग काढणं विशेष सोपं आहे, कारण या एका जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारी डोंगरमाथा, पानझडी रान, गवताळ माळ, पाणथळ आणि सह्याद्रीचं दाट जंगल अशी पाच वेगळी रूपं संरक्षणाखाली आहेत. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला येवल्यात पाचशेच्या आसपास. एका टोकाला कारवी, दुसऱ्या टोकाला कुसळी. दोघांना एकच औषध लागू पडणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

अंजनेरीच्या माथ्यावरचं वर्ष चार महिन्यांचं असतं. जूनमध्ये पहिले पाऊस पडले की कातळाच्या खाचांत पाणी साठतं, मातीच्या पातळ थरात दडलेले कंद फुटतात आणि सप्टेंबरअखेर फुलणं, फळणं, बी टाकणं सगळं उरकतं. उरलेले आठ महिने या वनस्पती जमिनीखाली कंदाच्या किंवा बियांच्या रूपात काढतात. याच पठारावरून नोंदवलेली एक वनस्पती म्हणजे सेरोपेजिया अंजनेरिका. सेरोपेजिया प्रजातीतल्या वनस्पतींना मराठीत कंदीलपुष्प किंवा खरचुडी म्हणतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि डोंगराचं नाव तिला कायमचं जोडलं गेलं.

कंदीलपुष्पाचं फूल म्हणजे लहानसा सापळा. तळाशी फुगीर, वर नळी, टोकाला पाकळ्यांचा पिंजरा. वासाने ओढल्या गेलेल्या बारीक माश्या नळीतून आत घसरतात. नळीतले केस खाली वळलेले असल्यामुळे त्यांना लगेच बाहेर पडता येत नाही. फूल कोमेजू लागलं, केस सुकले, की त्या परागकण घेऊन सुटतात आणि दुसऱ्या फुलात जातात. कंद खाण्याजोगा असल्यामुळे साळिंदर आणि रानडुकरं तो उकरतात; डोंगरावरची माणसंही पूर्वापार खरचुडीचे कंद काढून खात आली आहेत. म्हणजे ही वनस्पती टिकायची तर तीन गोष्टी शाबूत हव्यात: मातीचा तो पातळ थर, त्यातला कंद आणि माशी. तीनपैकी एकही उपग्रहाला दिसत नाही.

तिथे राखीव क्षेत्राच्या पाटीचं काम सुरू होतं. २०२१ मध्ये मुळेगावकडून अंजनेरीवर रस्ता नेण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा निसर्गप्रेमी संघटनांनी त्याला जोरदार विरोध केला. २०२३ मध्ये केंद्राच्या पर्वतमाला योजनेखाली ब्रह्मगिरी आणि अंजनेरी जोडणाऱ्या सुमारे ५.७ किलोमीटरच्या रोपवेची निविदा निघाली आणि पुन्हा वाद पेटला. कड्यांवर घरटी करणारी गिधाडं हा त्या वादातला ठळक मुद्दा होता. अंजनेरी हे हनुमानाचं जन्मस्थान अशी श्रद्धा आहे. माथ्यावर अंजनीमातेचं मंदिर आहे. भाविकांची सोय हा प्रश्न खरा आहे. पण राखीव दर्जा असल्यामुळे या प्रस्तावांना निसर्गाच्या बाजूने प्रश्न विचारता आले. परवानग्यांचा आणखी एक टप्पा मध्ये आला. शेजारच्या ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, सुपलीची मेट परिसरात २०२१ मध्येच डोंगर पोखरल्याचं प्रकरण गाजलं. तिथे आधी यंत्रं चालली, मग आरडाओरड झाली. कातळावरची माती एकदा खरवडली की ती पुन्हा साठायला माणसाचं आयुष्य पुरत नाही, म्हणून यंत्राच्या आधी प्रश्न विचारला जाणं फार मोलाचं आहे.

संरक्षित क्षेत्रं वनस्पती वाचवतात का, याचा जगभरातला अभ्यास गेल्या पंचवीस वर्षांत बराच पुढे गेला आहे. २००१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ॲरन ब्रूनर आणि सहकाऱ्यांनी २२ उष्णकटिबंधीय देशांतल्या ९३ उद्यानांची पाहणी मांडली. बहुतेक उद्यानांनी आपल्या हद्दीत जमीन मोकळी होण्याला आळा घातला होता. निधी तुटपुंजा असूनही आतलं रान बाहेरच्यापेक्षा बऱ्या स्थितीत होतं. यशाशी सर्वांत जास्त जुळणारी गोष्ट होती ती पहारेकऱ्यांची संख्या. जिथे दर क्षेत्रामागे वनरक्षक जास्त, तिथे रान जास्त शाबूत.

पण आतल्या रानाची बाहेरच्या रानाशी तुलना सरळ नसते. लुकास जोप्पा आणि अलेक्झांडर फाफ या संशोधकांनी २००९ मध्ये १४७ देशांतली संरक्षित क्षेत्रं तपासली आणि एक ठळक कल दाखवून दिला. सरकारं राखीव क्षेत्रं बहुधा उंचावर, तीव्र उतारावर, रस्त्यांपासून आणि शहरांपासून लांब आखतात. अशा जागी कोणी नांगर घालणार नसतो आणि कारखानाही काढणार नसतो. ते रान पाटी नसतानाही बरंचसं उरलं असतं. मग त्याचं सगळं श्रेय पाटीला कसं द्यायचं?

म्हणून पुढच्या अभ्यासांत सारख्याला सारखं जोडून पाहतात. उतार, उंची, माती, रस्त्यापासूनचं अंतर सारखं असलेले दोन तुकडे घ्यायचे, एक राखीव आणि एक मोकळा, आणि दोन्हींत काय झालं ते मोजायचं. क्वावू अँडम आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कोस्टा रिकातली जंगलं अशी तपासली. राखलेल्या जंगलांपैकी सुमारे दहा टक्के जंगल संरक्षण नसतं तर तुटलं असतं, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. म्हणजे संरक्षणाचा फायदा खरा होता, पण साध्या तुलनेतून वाटत होता त्यापेक्षा बराच कमी.

हा हिशेब नाशिकला लावला तर काय दिसतं? अंजनेरीचे कडे आणि कळसूबाईची शिखरं ‘उंच आणि लांब’ या वर्गात बसतात. बोरगड तसा नाही. तो नाशिक शहराच्या उत्तरेला, रामशेज किल्ल्याच्या शेजारी, वाढत्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर आहे.

बोरगडला २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातलं हे पहिलं संवर्धन राखीव. क्षेत्र लहान, साडेतीन चौरस किलोमीटरच्या आसपास. माथ्यावर हवाई दलाचं केंद्र असल्यामुळे वर जाण्यावर आधीपासून बंधन होतं. पण उतारांवर कुऱ्हाड, चराई आणि वणवा यांचा मारा चालूच होता. नेचर कॉन्झर्वेशन सोसायटी ऑफ नाशिक या संस्थेने वनविभागासोबत इथे अनेक वर्षं काम केलं. सरपणाची मोळी, चराई आणि आग यांविषयी पायथ्याच्या गावांशी बोलणं हा त्या कामाचा गाभा होता.

पानझडी रानाचा एक स्वभाव इथे उपयोगी पडतो. साग, ऐन, धावडा, पळस ही झाडं वरून तोडली तरी मुळं जिवंत राहतात. दरवर्षी बुंध्यातून फुटवे येतात, दरवर्षी ते मोळीत जातात किंवा वणव्यात जळतात आणि डोंगर कायम झुडपी दिसत राहतो. तोड आणि आग काही वर्षं थांबली, तर त्याच जुन्या मुळांवर नवं झाड उभं राहतं. त्याला लावणीचा खर्च नाही आणि पाणी घालावं लागत नाही. रोपवाटिकेतल्या रोपाला मुळं पसरायला जी वर्षं लागतात, ती या फुटव्याने आधीच पार केलेली असतात. संरक्षणाचा सर्वांत स्वच्छ फायदा दिसतो तो अशा रानात. अशा जागेला राखणदार मिळाला की निम्मं काम झालं.

संवर्धन राखीव हा प्रकार आपल्या कायद्यात तसा नवा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुळात राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं होती. २००२ च्या दुरुस्तीने त्यात संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव अशा दोन वर्गांची भर पडली. संवर्धन राखीव सरकारी जमिनीवर होतं. ते जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करावा लागतो. व्यवस्थापनाला सल्ला देणाऱ्या समितीत वनविभागाचा प्रतिनिधी, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असावा, असं कायदा सांगतो. गावाला बाहेर काढून रान राखायचं ही जुनी कल्पना इथे बदललेली दिसते.

हद्द आखून थांबवता येतात त्या गोष्टी अशा: कुऱ्हाड, नांगर, खाणीचं यंत्र, प्लॉटिंग. हद्द न जुमानता आत येणाऱ्या गोष्टींची यादीही तेवढीच मोठी आहे, आणि त्यासाठी निफाड तालुक्यात जायला हवं.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधला तो शेतीसाठी. त्यामागे गाळ साचत गेला, गाळाची बेटं झाली, दलदल झाली, त्यात पाणवनस्पती वाढल्या आणि त्या वनस्पतींवर हजारो पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये सुमारे शंभर चौरस किलोमीटर परिसर अभयारण्य झाला. २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत त्याचा समावेश झाल्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ. इथली वनसंपदा धरणाने घडवलेली आहे, तरी तिला आता स्वतःचा नियम आहे. उथळ पाणी, ओली काठं, बुडालेलं शेवाळ आणि गवत यांचा तोल राहिला तरच चापडगावच्या मनोऱ्यावरून पक्षी दिसतात.

हा तोल वरून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे. नाशिक शहराचं सांडपाणी आणि द्राक्षबागा, ऊस, कांदा यांच्या शेतांतली खतं नदीतून खाली येतात. त्या खतावर पाणवेली माजते. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकते, सूर्यप्रकाश अडवते आणि खालची स्थानिक पाणवनस्पती गुदमरते. पाणवेली उपसण्याचं काम उगमाकडची घाण थांबेपर्यंत दरवर्षी करावं लागणार. नांदूर मध्यमेश्वरच्या वनस्पतींचं संरक्षण बऱ्याच अंशी नाशिक महापालिकेच्या मलजल शुद्धीकरण केंद्रांत होतं किंवा होत नाही. अभयारण्याचा वनरक्षक कितीही दक्ष असला तरी हे त्याच्या हातात नाही.

डोंगरावर हेच काम घाणेरी करते. तिला काही भागांत टणटणी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून ती भारतात आली आणि आता देशातल्या बहुतेक पानझडी जंगलांत तिने जागा केली आहे. गुरं तिला तोंड लावत नाहीत, पक्षी तिची फळं खाऊन बी पसरवतात आणि आगीनंतर ती सर्वांआधी फुटते. तोड बंद झालेल्या पण वणवे चालू असलेल्या रानात घाणेरीला मोकळं रान मिळतं. लांबून पाहिलं तर डोंगर हिरवा दिसतो. जवळ गेलं तर करवंद, कुडा, तोरण यांच्या जागी एकच झुडूप.

नाशिकच्या डोंगरांवर फेब्रुवारी ते मे हा वणव्यांचा काळ. काही आगी निष्काळजीपणातून लागतात, काही नवं गवत चांगलं यावं या समजुतीने लावल्या जातात. वनविभाग जाळरेषा काढतो, उपग्रहावरून आगीच्या सूचना मोबाइलवर येतात. पण सूचना मिळाल्यापासून कड्यावर पोहोचेपर्यंत आग पुढे गेलेली असते. आग पहिल्या तासात विझवू शकतो तो पायथ्याच्या वस्तीवरचा माणूसच. त्याला त्या रानातून काही मिळत असेल, तर तो धावतो. ब्रूनर यांच्या पाहणीतल्या पहारेकऱ्यांच्या आकड्याचा नाशिकपुरता अर्थ असा आहे.

आता पूर्वेला, येवला तालुक्यात. ममदापूर आणि राजापूर परिसरातला सुमारे साडेचौपन्न चौरस किलोमीटरचा माळ काळविटांसाठी संवर्धन राखीव झाला आहे. पावसाळ्यात इथे मारवेल, पवन्या, कुसळी उभी राहते. उन्हाळ्यात सगळं पिवळं. सरकारी नकाशांनी अशा माळाला दीर्घकाळ पडीक म्हटलं. पडीक म्हटलं की सुधारणा करायची इच्छा होते आणि सुधारणा म्हणजे झाडं लावणं, असा आपला ठाम समज आहे.

महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात पन्नास कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. शेवटच्या वर्षीचं लक्ष्य तेहतीस कोटींचं होतं. हेतू चांगला होता आणि अनेक ठिकाणी गावं मनापासून उतरली. पण एवढी रोपं लावायला मोकळी जमीन लागते आणि मोकळी जमीन म्हटली की गायरान, माळ, पठार हेच समोर येतात. माळावर सलग समतल चर खणले, त्यात गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावलं, की गवताच्या मुळांचं जाळं तुटतं आणि सावलीत गवत विरळ होतं. काळविटाला उघडा माळ हवा असतो. दूरवर दिसलं तरच त्याला लांडग्यापासून पळता येतं. गवत गेलं की काळवीट शेतात शिरतो आणि शेतकरी त्याचा शत्रू होतो. माळ राखायचा तर तिथे झाड न लावणं हाच निर्णय बऱ्याचदा योग्य असतो. हे पटवणं अवघड आहे, कारण झाड लावतानाचा फोटो काढता येतो.

गवताळ प्रदेशात चराईचा प्रश्नही एका फटक्यात सुटत नाही. साताऱ्याच्या कास पठारावरून हे शिकता येतं. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात महाराष्ट्रातली चार होती: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पर्यटकांचे लोंढे आवरण्यासाठी कासला कुंपण घातलं गेलं. कुंपणाने माणसं थांबली, गुरंही थांबली. पुढच्या काही वर्षांत उंच गवत माजून फुलांचे गालिचे विरळ होत असल्याच्या तक्रारी स्थानिकांकडून आणि अभ्यासकांकडून येऊ लागल्या आणि अखेर कुंपण काढलं गेलं. गुरांचं खाणं, तुडवणं आणि शेण हे त्या पठाराच्या रचनेत शतकानुशतकं सामील होतं. अति चराईने पठार उजाड होतं आणि शून्य चराईने त्याचं रूप बदलतं. दोन्हींच्या मधली रेघ प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. ममदापूरच्या माळावर आणि अंजनेरीच्या माथ्यावर ती कुठे आहे, हे तिथेच मोजून ठरवावं लागेल.

नाशिक वन्यजीव विभागाच्या ताब्यातलं सर्वांत मोठं जंगल जिल्ह्याच्या हद्दीला लागून अकोले तालुक्यात आहे: कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. १९८६ मध्ये जाहीर झालेलं हे क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर आहे. राज्यातलं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटरचं कळसूबाई, त्यात येतं. घाटघर, रतनवाडी, साम्रद भागात हिरडा, जांभूळ, अंजनी यांची सदाहरित छटा असलेली रानं आहेत. उतारांवर कारवी आहे, जी साधारण सात वर्षांनी एकदम फुलते, बी टाकते आणि मरते. हरिश्चंद्रगडाच्या कड्यांवर सेरोपेजिया लॉई सापडते. ही वनस्पती एकेकाळी नामशेष झाली असं समजलं जात होतं.

या अभयारण्यात माणसंही राहतात. महादेव कोळी, ठाकर समाजाची गावं पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत. बाळहिरडा गोळा करून विकणं हा त्यांचा हक्काचा पैसा. हिरड्याचं झाड म्हणूनच सहसा कोणी तोडत नाही. दुसऱ्या बाजूला नागली, वरई आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजावा लागतो. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटतात, पालापाचोळा आणि शेणासोबत वाफ्यावर पसरतात आणि पावसाआधी पेटवतात. दरवर्षी छाटलेलं झाड जगतं, पण त्याला धड फुलं-फळं येत नाहीत, त्यामुळे त्याखाली नवं रोप उगवत नाही. उपग्रहाच्या मोजणीत असं रान वन म्हणूनच राहतं. पन्नास वर्षांनी मात्र म्हातारी झाडं जातात आणि मागे कोणी नसतं. राबाशिवाय रोप तयार करण्याच्या पद्धती शेतीखात्याकडे आहेत. त्या डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याच्या पदरात पडल्या तर ऐनाच्या पुढच्या पिढीला वाट मिळेल.

संरक्षणाची कल्पना या भागात कायद्याबरोबर आली असं मानणं चुकीचं ठरेल. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या पट्ट्यात देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि १९७६ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आजूबाजूचं रान गेल्यावरही मूळची झाडं, महावेली, औषधी वनस्पती या लहानशा तुकड्यांत टिकून असल्याचं त्यांनी दाखवलं. अनेक देवरायांत वाळलेली फांदीही उचलायची नाही असा दंडक असतो. पडलेलं लाकूड कुजतं, त्यावर बुरशी आणि कीटक येतात, माती जिवंत राहते. देवराईचं दुबळेपण तिच्या आकारात आहे. एक-दोन एकरांचा तुकडा चहूबाजूंनी उघडा पडला की कडेने वारा, आग आणि घाणेरी शिरते. म्हणून देवराई आणि तिच्याजवळचं राखीव वन यांच्यामधला पट्टा राखला गेला, तर दोघांनाही बळ येतं.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये माँट्रिअलच्या परिषदेत जगातल्या देशांनी २०३० पर्यंत तीस टक्के जमीन आणि समुद्र संरक्षणाखाली आणण्याचं उद्दिष्ट स्वीकारलं. भारतात वन्यजीव कायद्याखालच्या संरक्षित क्षेत्रांचा वाटा सुमारे पाच टक्के आहे. आकडा वाढवायची घाई पुढच्या काळात होईलच. तेव्हा नाशिकच्या अनुभवातून एक गोष्ट धरून ठेवायला हवी. पाटी लागल्यावर तोड आणि खोदकाम थांबतं, आणि तेवढ्याने बोरगडसारख्या रानाचं खूप भलं होतं. बाकीच्या ठिकाणी वेगळं काम लागतं: अंजनेरीला पायवाटा आखून माती तुडवण्यापासून वाचवणं, ममदापूरला रोपलावणी आवरणं, नांदूर मध्यमेश्वरला नदी स्वच्छ ठेवणं, कळसूबाईला राबाचा पर्याय देणं.

यातलं काय साधतंय हे कळायला मोजणी हवी, आणि वनस्पतींची मोजणी आपल्याकडे प्राण्यांच्या मानाने फार कमी होते. बोरगड गिधाडांमुळे, नांदूर मध्यमेश्वर पक्ष्यांमुळे, ममदापूर काळविटांमुळे ओळखलं जातं. प्राण्यांची गणना बातमी होते. गवताच्या जाती मोजायला कोणी येत नाही. पाया मात्र उपलब्ध आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९९१ मध्ये पी. लक्ष्मीनरसिंहन आणि बी. डी. शर्मा यांनी तयार केलेली नाशिक जिल्ह्याची वनस्पतिसूची प्रसिद्ध केली. कोणत्या डोंगरावर काय होतं, याची ती नोंद आहे. तिच्या आधारे प्रत्येक राखीव क्षेत्रात काही कायमचे चौकोन आखता येतील. दरवर्षी एकाच महिन्यात त्यात कोणत्या जाती आहेत, किती फुटवे मनगटाएवढे झाले, घाणेरीने किती जागा घेतली, एवढं टिपायचं. सीमेबाहेर, तशाच उतारावर, तेवढेच चौकोन तुलनेसाठी ठेवायचे. नाशिकच्या महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आणि पायथ्याच्या गावांतली मुलं मिळून हे करू शकतात. गवत आणि कंद नावानिशी ओळखणारी माणसं त्या गावांत आजही आहेत.

राखणीच्या कामाची तातडी त्र्यंबकेश्वरला सर्वांत जास्त आहे. सिंहस्थ कुंभमेळ्यातली प्रमुख स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत, म्हणजे नेमकी अंजनेरीच्या पठारावरच्या वनस्पती फुलावर असतानाच. त्र्यंबकला आलेल्या लाखो भाविकांपैकी थोडेही अंजनीमातेच्या दर्शनाला वर चढले, तरी एरवीच्या पावसाळ्यापेक्षा कितीतरी जास्त पावलं त्या कातळावर पडतील. मंदिराकडे जाणारी एकच पायवाट दगड लावून ठळक करणं, बाजूच्या ओल्या पठारावर जाण्यास मज्जाव करणं, वाहनं पायथ्याच्या गावातच थांबवणं आणि अंजनेरी ग्रामस्थांमधून प्रशिक्षित राखणदार नेमणं, ही कामं त्याआधी व्हायला हवीत. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. ग्रामपंचायत आणि वनविभाग यांना एका टेबलावर बसवणाऱ्या समितीची तरतूद त्यात आधीपासूनच आहे.